भेरली जुव्याचा साकव

आसामच्या जंगलात चिखलात लोळणारा गेंडा शर्वीला तिच्या पाटीवर (घडी घालता येणाऱ्या स्क्रीनवर) स्वच्छ दिसत होता. त्याच्या पाठीवर बसलेला बगळासुद्धा दिसत होता. आसाम तिथून हजारो किलोमीटर लांब. आणि खाडीपलीकडे, अवघ्या नऊशे मीटरवर, सुरुवाडीच्या आरोग्यकेंद्रात बसलेल्या फिलोमिना सिस्टरना शर्वीच्या आजोबांच्या हृदयाचे ठोके काही केल्या दिसत नव्हते. गेंडा दिसतो आणि आजोबा दिसत नाहीत, म्हणजे हे जाळं आहे तरी कसलं, असं म्हणून शर्वीने पाटीची घडी घातली.

गोष्ट २०५७ सालची, दिवाळीच्या सुट्टीतली. जुवा म्हणजे खाडीतलं छोटं बेट. भेरली जुव्यावर माणूस एकच राहायचा, शर्वीचे आजोबा डॉ. वासुदेव मेतर; शर्वी सुट्टीपुरती त्यांच्याकडे आली होती. समुद्राची पातळी, तापमान आणि खारेपणा मोजण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, म्हणून सुरुवाडीचे लोक त्यांना मापमास्तर म्हणत. त्यांच्या सोबतीला एक यंत्रमानव होता, पण त्याला मानव म्हणणं जरा धाडसाचंच. सहा पाय, टोपलीएवढा आकार, आणि काम एकच: खाडीच्या तळावरून चालत जाऊन गाळ मोजायचा. मालवणीत खेकड्याला कुर्ली म्हणतात, म्हणून या यंत्राचं नाव कुर्ली पडलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी आजोबा धक्क्याच्या पायरीवर चक्कर येऊन पडले. कुर्ली त्यांच्याभोवती फिरत राहिली, कारण तिला गाळ कळतो, माणूस कळत नाही. शर्वीच्या बाबांची होडी पाच तासांनी त्या बाजूने परतली म्हणून थोडक्यात निभावलं. त्यानंतर आजोबांच्या छातीवर एक हृदयपट्टी (ठोके मोजून ते बिनतारी पाठवणारी चिकटपट्टी) आली आणि घरात निर्णय झाला, की आजोबांनी कायमचं कोल्हापूरला काकांकडे जायचं. रविवारी दुपारी बारा वाजता काकांची गाडी सुरुवाडीच्या धक्क्यावर येणार होती.

आजोबांनी भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं, की रविवारच्या बारापर्यंत त्यांचे ठोके सिस्टरच्या स्क्रीनवर सलग चोवीस तास, न तुटता दिसले, तर त्यांना जुव्यावर राहू द्यायचं. बाबांनी हो म्हटलं, पण ते घडेल असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. आज गुरुवार होता आणि सिस्टरच्या स्क्रीनवर आजोबांची ओळच नव्हती.

कोल्हापूर चांगलं शहर आहे, पण तिथे भरती येत नाही. आजोबा तिथे काय मोजणार?  शर्वी बारा वर्षांची होती आणि एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की कालवाच्या शिंपल्यासारखी खडकाला धरून बसायची, असं तिची आई म्हणायची. ते कौतुक होतं की तक्रार, हे आईलाच ठाऊक.

"गेंडो कित्या दिसता, ता आदी सांग," आजोबा म्हणाले. "मगे मी कित्या दिसणंय नाय, ता तुझा तुकाच कळतला."

शर्वी विचार करून बोलू लागली. गेंडा दिसतो, कारण तिने तो मागितला. तिची पाटी भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला म्हणाली, अमुक ठिकाणचं चित्र आण. ती डबी म्हणजे राउटर (दोन वेगळ्या जाळ्यांच्या मधला नाका). त्याने ही मागणी स्वतःच्या नावावर बाहेर पाठवली, कुणी मागितलं होतं ते लक्षात ठेवलं आणि उत्तर आल्यावर ते बरोबर तिच्या हातात दिलं.

आजोबांनी विचारलं, की सिस्टरचं यंत्र हृदयपट्ट्या कशा शोधतं? हे शर्वीने आरोग्यकेंद्रात जाऊन बघितलं होतं. ते यंत्र दर दहा सेकंदांनी जाळ्यात एक हाक घालतं, "पट्ट्यांनो, कोण कोण आहात?" मग गावातल्या सगळ्या पट्ट्या आपापला आकडा सांगतात. अशा हाकेला ब्रॉडकास्ट (जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम घातलेली साद) म्हणतात.

"मग ती हाक आपल्या राउटरपाशी येते," शर्वी सावकाश म्हणाली, "आणि तो तिला आत सोडत नाही. कारण ती कुणाच्याच नावावर नसते."

आजोबांनी भरतीच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर खाडीचं चित्र काढलं. राउटर वाईट नसतो, असं त्यांनी समजावलं. जगातल्या प्रत्येक यंत्राची हाक प्रत्येक घरात शिरू लागली तर कुणाला काही ऐकू येणार नाही, म्हणून दोन गावांच्या शिवेवर नाका हवाच. घोटाळा असा, की डबी बसवणाऱ्याने जुवा हे वेगळं गाव धरलं होतं. इथले आयपी पत्ते (जाळ्यातल्या यंत्रांना मिळणारे घरक्रमांक) वेगळे, ते वाटणारी डबी वेगळी. आजोबांनी सुरुवाडी आणि जुवा यांच्यामध्ये दोन रेघा मारल्या. गावाकडे ओढ्यावर लाकडाचा साकव टाकतात तशा त्या दिसत होत्या. साकवावर नाका नसतो. माणूस या काठावरून त्या काठावर जातो, त्याचं नाव बदलत नाही की घरक्रमांक बदलत नाही, आणि दोन्ही काठ मिळून वाडी एकच राहते.

जाळ्यातल्या अशा साकवाला ब्रिज (दोन जाळी जोडून त्यांचं एकच जाळं करणारी जोडणी) म्हणतात. आणि गंमत अशी, की त्यासाठी नवं यंत्र आणावं लागत नाही. तीच पांढरी डबी नाक्याचं काम सोडून साकवाचं काम करू शकते, तिला तसं सांगावं लागतं. ते कसं सांगायचं हे मात्र आजोबांना येत नव्हतं. त्यांना समुद्र यायचा, डब्या येत नव्हत्या, आणि हे त्यांनी सरळ कबूल केलं.

शुक्रवारी सकाळी शर्वी डबीच्या सेटिंगच्या पानासमोर बसली. तिथे तीन पर्याय होते: राउटर, रिपीटर, ब्रिज. सोपं आहे की, म्हणून तिने ब्रिज निवडला आणि बटण दाबलं. डबी एकदा बंद झाली, पुन्हा चालू झाली आणि नाहीशी झाली. म्हणजे भिंतीवर होती, दिवा लागत होता, पण तिचं पान कुठल्याच पत्त्यावर उघडेना. उतावीळपणे केलेलं काम दोनदा करावं लागतं, हे शर्वीला आई रोज ऐकवायची. आता तेच डबीनेही ऐकवलं.

आजोबांनी ओरडायचं सोडून विचारलं, की डबीचा स्वतःचा पत्ता कुठला होता? जुन्या जाळ्यातला. आणि ते जाळं तर शर्वीने आत्ताच मोडलं होतं. नव्या वाडीत डबीला घरच दिलेलं नव्हतं, मग ती सापडणार कुठे? शर्वीने डबीच्या पाठीमागचं बारीक भोक शोधलं. टाचणी सापडेना, म्हणून तिने मासे धरायचा एक गळ सरळ करून त्याने आतली कळ दहा सेकंद दाबून धरली, तेव्हा डबी कोऱ्या पाटीसारखी पुन्हा पहिल्यावर आली.

या वेळी तिने प्रत्येक पायरी आधी कागदावर लिहिली. आधी डबीला सुरुवाडीच्या जाळ्यातला एक मोकळा पत्ता दिला, जो दुसऱ्या कुणाकडे नाही. मग डबीचं पत्ते वाटण्याचं काम बंद केलं, कारण एका वाडीत घरक्रमांक वाटणारा एकच असावा. दोघे वाटायला बसले तर एकच क्रमांक दोन घरांना जातो आणि निरोप भलत्याच दारात पडतो. त्यानंतर डबीची बिनतारी बाजू आणि तारेची बाजू एकाच ब्रिजमध्ये घातली. शेवटी सगळं एकदा वाचून मगच बटण दाबलं.

तेवढ्याने भागणार नव्हतं. साकवाला दोन्ही काठांवर टेकू लागतो. गावच्या टोकाची डबी मच्छीमार सोसायटीच्या माळ्यावर होती आणि पलीकडून ब्रिज येतोय हे तिलाही सांगणं भाग होतं. बाबांच्या होडीतून शर्वी पलीकडे गेली, माळ्यावर चढली, कोळिष्टकं केसांत घेऊन तेच सेटिंग तिथेही केलं आणि तशीच आरोग्यकेंद्रात पळाली. दुपारचे दोन वाजले होते. सिस्टरच्या स्क्रीनवर गावातल्या अकरा पट्ट्यांच्या खाली बारावी ओळ उमटली: वासुदेव मेतर, ठोके एकाहत्तर.

फिलोमिना सिस्टर सहसा हसत नाहीत. त्यांनी घड्याळात बघून वहीत वेळ लिहिली, मगच हसल्या. चोवीस तास सुरू झाले.

परत आल्यावर शर्वीला एक शंका आली. आता प्रत्येक निरोप दोन्ही काठांवर बोंबलत फिरणार का? आजोबांनी तिला कुर्लीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. ब्रिज सुरुवातीला अगदी अडाणी असतो. कोण कुठल्या काठावर आहे हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो निरोप सगळीकडे पाठवतो. पण त्याचे कान तिखट असतात. कुर्ली काही बोलली की तिच्या निरोपावर तिचा मॅक क्रमांक (कारखान्यातून प्रत्येक यंत्राला मिळालेला कायमचा क्रमांक) असतो. तो निरोप कुठल्या बाजूने आला ते बघून ब्रिज आपल्या यादीत लिहून ठेवतो: कुर्ली जुव्याच्या बाजूला. पुढे तिच्यासाठी काही आलं की तो फक्त तिकडेच पाठवतो. शर्वीने कुर्लीला खाडीच्या तळावरून गावच्या धक्क्याकडे पिटाळलं. तिथल्या जाळ्याच्या खांबाला लागून कुर्लीने "पोचले" एवढंच कळवलं आणि डबीच्या यादीत तिची बाजू बदलली. कुणीही काहीही शिकवलेलं नसताना डबी ऐकून ऐकून शिकत होती, आणि हे शर्वीला फार आवडलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण सुरुवाडीच्या दर्यावर्दी लोकांची एक पिढीजात रीत आहे. होडी कधी एका दोराने बांधायची नाही. एक पुढचा, एक मागचा, दोन दोर हवेतच. नव्या होडीच्या पूजेलाही दोन दोरांना हळद लावतात. बाबा संध्याकाळी पाच वाजता ठोके बघायला जुव्यावर आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, की हा बिनतारी जोड तुटला तर? 

"एका दोरार मी होडी ठेवणंय नाय," बाबा म्हणाले, "बापाशीक कसो ठेवू?"

आजोबांच्या भरतीमापकाची एक जुनी केबल खाडीच्या तळातून सोसायटीच्या माळ्यापर्यंत गेलेली होती. वापरात नव्हती, पण धड होती. हाच विचार करून गावाकडचं टोक बाबांनी येतानाच डबीत खोचलं होतं. बापलेकीचं एकमत झालं आणि जुव्याकडचं टोक शर्वीने खोचलं. दोन डब्या, दोन वाटा, दोन दोर. दोघांनाही आपण फार शहाणपणाचं काम केलं असं वाटलं.

पाच सेकंदही झाले नसतील. डबीवरचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकायला लागले. ठोके गेले. गेंडा गेला. पलीकडे मासळीच्या लिलावाचा फलक कोरा पडला, बर्फाच्या कारखान्याचं तापमान कुणाला दिसेना, आणि कारखान्याचे मालक धक्क्यावर उभे राहून जुव्याकडे बघत हातवारे करू लागले. काय म्हणत होते ते नऊशे मीटरवरून ऐकू आलं नाही, हे एक बरंच झालं.

शर्वी डबीचं पान उघडायचा प्रयत्न करत राहिली. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्यांदा ते क्षणभर उघडलं, तेवढ्यात तिने यादीची दोन-तीन चित्रं टिपून घेतली. मग बाबांनी डबीचं बटणच बंद केलं. डबी बंद, तशी सुरुवाडी हळूहळू पूर्ववत झाली. ठोक्यांचे चोवीस तास मात्र चौथ्याच तासाला तुटले होते.

थोड्या वेळाने सिस्टर स्वतः होडीने आल्या. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, की गावातल्या अकरा पेशंटचे ठोकेही याच जाळ्यावर आहेत. हे का झालं ते शर्वी सांगू शकेल तेव्हाच डबी पुन्हा चालू करायची, तोवर नाही.  जाताना बाबा एवढंच म्हणाले, की आजोबांचं सामान बांधायला घ्या. त्या रात्री शर्वीला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. पण सकाळी सात वाजता ती डोळे धुऊन ती चित्रं समोर घेऊन बसली होती. रविवारच्या बारापर्यंत चोवीस तास भरायचे, तर शनिवारी बाराच्या आत सुरुवात व्हायलाच हवी होती. हातात पाच तास होते.

पहिल्या चित्रात कुर्ली बिनतारी बाजूला होती. दुसऱ्यात केबलच्या बाजूला. तिसऱ्यात पुन्हा बिनतारी. चित्रांमध्ये एका सेकंदाचंही अंतर नव्हतं.

कुर्ली तर तेव्हा गावच्या खांबाला लागून उभी होती. ती जागची हलली नव्हती, म्हणजे तिचे निरोप दोन वाटांनी येत होते. शर्वीने जमिनीवर खडूने दोन डब्या काढल्या, मध्ये दोन वाटा काढल्या आणि सिस्टरच्या हाकेची वाट बोटाने गिरवू लागली. हाक गावच्या डबीत आली. हाक सगळ्यांसाठी असते, म्हणून डबीने ती दोन्ही वाटांनी पाठवली. जुव्याच्या डबीला दोन हाका मिळाल्या. बिनतारी वाटेने आलेली हाक तिने केबलने पुढे धाडली, केबलने आलेली बिनतारी वाटेने. त्या गावच्या डबीत परत आल्या. तिने पुन्हा उलट पाठवल्या. शर्वीचं बोट फिरत राहिलं आणि थांबायला जागाच सापडेना.

"आजोबा," ती म्हणाली, "ही हाक मरतच नाही."

आजोबा खुर्ची ओढून जवळ आले. बरोबर आहे, ते म्हणाले, हे मला कालच सुचायला हवं होतं. राउटर प्रत्येक निरोपाचं आयुष्य मोजतो आणि म्हातारा झालेला निरोप टाकून देतो. ब्रिज साधाभोळा, तो काही मोजत नाही, आलं ते पुढे देतो. दहा सेकंदांनी सिस्टरच्या यंत्राची दुसरी हाक आली, मग तिसरी, शिवाय बर्फ कारखान्याच्या, लिलावाच्या. सगळ्या फिरत राहिल्या आणि खऱ्या निरोपांना जागाच उरली नाही. याला ब्रॉडकास्ट वादळ (हाका गोल फिरत राहून जाळं तुंबणं) म्हणतात. वाडी एकच असेल, तर दोन काठांमध्ये एका वेळी एकच उघडी वाट हवी.

म्हणजे केबल काढून टाकली की झालं. पण शर्वीला ते पुरेसं वाटेना. एका दोरावर बाबा आजोबांना ठेवणार नव्हते आणि दोन दोर गाव चालवून घेणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाबांचं म्हणणं तिला पटत होतं. वाऱ्याने अँटिना हलली आणि नेमकं तेव्हाच आजोबांना काही झालं, तर? तिला दोन्ही दोर हवे होते. फक्त त्यातला एक झोपलेला हवा होता.

साडेनऊ वाजले होते. सेटिंगची माहिती डबीच्या तळाशी चिकटवलेल्या पुस्तिकेत होती, बहात्तर पानांची, मुंगीएवढ्या अक्षरांत. आजोबांनी भिंग दिलं. शर्वीने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, कारण तिला हवं ते कुठल्या नावाखाली सापडेल हेच माहीत नव्हतं. एकेचाळिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं: स्पॅनिंग ट्री (सगळ्यांना जोडणारी, पण कुठेही गोल फेरा होऊ न देणारी मांडणी).

झाडाच्या फांद्या एकमेकींपासून फुटतात, पण पुढे जाऊन पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत मुंगीला वाट एकच असते. हे सेटिंग चालू केलं की डब्या आपसात तसंच झाड ठरवतात. दर दोन सेकंदांनी एकमेकींना छोटा निरोप पाठवतात, "मी आहे." त्यात दोन वाटा आहेत असं दिसलं, की एक उघडी ठेवतात आणि दुसरी मिटतात. मिटलेल्या वाटेवरून फक्त ती चौकशी चालू राहते, बाकी काही जात नाही. आणि उघडी वाट तुटली, तिच्यावरचं "मी आहे" येईनासं झालं, की डब्या थोडं थांबून खात्री करतात आणि मिटलेली वाट आपणच उघडतात.

शर्वीने अँटिनाची तार आणि केबल दोन्ही काढून ठेवली आणि जुव्याची डबी एकटीच चालू करून तिच्यावर हे सेटिंग केलं. मग बाबांना बोलावून पलीकडे गेली, गावच्या डबीवरही ते चालू केलं आणि सरळ आरोग्यकेंद्रात जाऊन उभी राहिली. काय चुकलं ते तिने सिस्टरना कागदावर बोट फिरवून दाखवलं. सिस्टरनी दोनदा मध्ये थांबवून प्रश्न विचारले. बाबा दारात उभं राहून ऐकत होते. चूक आपण दोघांनी मिळून केली, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

सिस्टरनी होकार दिला आणि फोनवरून ते कळताच आजोबांनी जुव्यावर अँटिनाची तार आणि केबल दोन्ही खोचली. गावची डबी शांत राहिली. बिनतारी वाट उघडी, केबल मिटलेली. बारावी ओळ पुन्हा उमटली. सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, की मी असं ऐकून विश्वास ठेवायची नाही. त्या सोसायटीच्या माळ्यावर चढल्या आणि आपल्या हाताने त्यांनी अँटिनाची तार उपटली.

स्क्रीनवरची ओळ विझली. बाबा मोठ्याने आकडे मोजू लागले. दहा. वीस. पंचवीस. शर्वीने पुस्तिकेतलं पान मनात पुन्हा वाचलं, त्यात अर्धं मिनिट लिहिलं होतं, अर्धं मिनिट म्हणजे तीस. तीस झाले. एकतीस झाले. बत्तिसाव्याला ओळ परत आली: वासुदेव मेतर, ठोके अठ्ठ्याऐंशी. ठोके वाढलेच होते. पलीकडे आजोबाही घड्याळ धरून मोजत बसले असणार.

सिस्टरनी तार परत लावली, सगळं स्थिर व्हायची वाट बघितली आणि वहीत वेळ लिहिली. बाराला चार मिनिटं कमी होती. त्यापुढच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि काहीच घडू नये म्हणूनच तर एवढी खटपट होती. शर्वी मात्र दर तासाला सिस्टरना विचारून त्यांचं डोकं खात राहिली.

रविवारी काकांची गाडी वेळेआधीच आली. आजोबांनी सामान बांधून ठेवलं होतं, एक कपड्यांची पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. बाबांनी ती पेटी जुव्याच्या धक्क्यावर आणून होडीत चढवलीसुद्धा, कारण बारा वाजेपर्यंत ते कुणाचीच बाजू घ्यायला तयार नव्हते. शर्वी धक्क्याच्या पायरीवर पाटी उघडून बसली. बाराला चार मिनिटं असताना सिस्टरचा आवाज आला, की चोवीस तास पूर्ण झाले, एकही खंड नाही.

 बाबा होडीत उतरले, पेटी पुन्हा खांद्यावर घेतली आणि पायऱ्या चढू लागले. अर्ध्या वाटेत त्यांना धाप लागली.

"काय भरलंत हेच्यात?" त्यांनी विचारलं.

"भरती-ओहोटी," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्सांच्या वह्यो. दुसरा काय आसा माझ्याकडे?"

बाबांनी पेटी घरात नेली, खिडकीखाली जिथे ती नेहमी असायची तिथे ठेवली आणि काकांना फोन करायला बाहेर गेले. आजोबा दाराशी उभे राहून पेटीकडे बघत राहिले. तेवढ्यात पाटीवर पुन्हा सिस्टरचा आवाज आला, या वेळी घाबरलेला. मास्तरांचे ठोके एकदम शंभराच्या वर गेलेत, तिथे काय झालं, त्यांना आधी बसवा, पाणी द्या.

शर्वीने आजोबांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"काय झाला नाय सिस्टर," ती म्हणाली. "तेंका आनंद झालो हा."

 मग सिस्टरनी विचारलं, की वहीत कारण काय लिहू? तेच लिहा, शर्वी म्हणाली. वहीवर पेन चाललेलं इकडे ऐकू आलं. लिहून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, की खाडीच्या वरच्या अंगाला पाणजुव्यावर तारी आजी एकटीच राहते, पंच्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिची ओळ स्क्रीनवर अजून आलेली नाही. शर्वीने पुस्तिका आणि भिंग पिशवीत टाकलं आणि तिकडे जायला भरती कधी लागते ते आजोबांना विचारलं.